मस्के मास्तरांचे पॅशिंजर

आमच्या शेजारच्या घरात रोज सकाळी सात वाजता एक माणूस माशांना पुढं सरकायला सांगतो.

"पुढं सरका, पुढं सरका! पुढं लय जागा हाय. ओ पाटील, दारातच काहून थांबले?" आणि त्यामागोमाग पंचची टक-टक, टक-टक. पूर्वी एसटीचे कंडक्टर तिकिटाला भोक पाडायला जो लोखंडी पंच वापरायचे आणि गाडीच्या दांड्यावर वाजवायचे, तोच. आमच्या सेनगावातल्या या गल्लीत नवा माणूस राहायला आला की पहिल्या दिवशी त्याला वाटतं, गाडी थेट दारात लागली. माझ्या सासूबाई गेल्या दिवाळीत मुक्कामाला आल्या, तेव्हा तो आवाज ऐकून अर्धा चहा तसाच ठेवून पिशवी घेऊन निघाल्या होत्या.

हा माणूस म्हणजे नामदेव मस्के, निवृत्त कंडक्टर. आमच्या भागात कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून ते मस्के मास्तर. मी इथल्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, म्हणजे शिकवण्याचा पगार मी घेतो. पण गल्लीत 'मास्तर' अशी हाक आली तर मी मान वळवायचे कष्ट घेत नाही.

तेहतीस वर्षं मास्तर गाडीवर होते. हिंगोली झालं, औंढा झालं, साखऱ्याची मुक्कामी गाडी झाली. वरचा दांडा धरून धरून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं वर राहिलाय. घरातसुद्धा पाय फाकवून उभे राहतात, ब्रेक कधी लागेल याचा भरवसा नाही म्हणून. लग्नाच्या पंगतीत बसलेल्यांना ते सरकवतात आणि जिथं दहा ताटं मांडलीत तिथं तेरा माणसं जेववतात. एकदा आम्ही एका घरी भेटायला गेलो होतो, तिथले आजोबा गेले होते. सगळे माना खाली घालून बसलेले. मास्तरांनी दारातून एक नजर टाकली आणि हळू आवाजात म्हणाले, "जरा सरकून घ्या, आणखी चार जणं बसतील." आणि खरंच चार जण बसले.

तर अशा माणसाच्या घरी माशांची टाकी आली कशी, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. ती आणली त्यांच्या मुलानं, संतोषनं. तो पुण्यात कंपनीत आहे. मास्तरांचं बीपी वाढलं, आणि मासे बघत बसलं की बीपी उतरतं असं संतोषला कुणीतरी सांगितलं. त्याच सुमारास त्याला मुलगी झाली आणि सूनबाईंची रजा संपत आली, म्हणून नातीला सांभाळायला काकूंना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, पुण्याला न्यायचं ठरलं. सकाळी गाडीतून टाकी उतरली आणि दुपारी त्याच गाडीत काकू बसल्या. काकूंचं शिलाई मशीन जिथं होतं, तिथं टाकी मांडली. दोन महिन्यांसाठी गेलेल्या काकूंना आता सव्वा वर्ष होत आलं. मास्तरही मध्ये गेले होते तिकडं राहायला. नवव्या दिवशी परत आले. का, तर म्हणे, "पाणी मानवलं न्हाई."

टाकी तीन फुटी. मोटर लावली की बुडबुडे निघतात आणि घरघर सुरू होते. त्या घरघरीवर मास्तर खूश. "गाडी चालू हाय म्हणल्यावर कसं बरं वाटतंय, सर." वीज गेली, आणि उन्हाळ्यात ती जातेच, की मास्तर तांब्यानं टाकीतलं पाणी उंचावरून परत टाकीतच ओतत बसतात, माशांना हवा मिळावी म्हणून. किती वेळ ओतणार, असं मी एकदा विचारलं. मास्तरांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी फुकट प्रवास करताना सापडलोय. "गाडी बंद पडली म्हणून पॅशिंजर टाकून कंडक्टर घरी जातो का?"

मासे त्यांच्या लेखी पॅशिंजर. लांब झुळझुळीत पंखांचे दोन चंदेरी एंजल आहेत, ते नवरा-नवरी. "नटून-थटून बसतात आन् धक्का लागला की रुसतात." काळ्या चार मॉली म्हणजे बाजारच्या बाया. तोंडाखाली दोन लांब मिशा सोडलेला गौरामी म्हणजे पाटील, तो नेमका टाकीच्या तोंडाशी अडून राहतो. काचेवरचं शेवाळ चाटत फिरणारा तो डेपोतला गाडी धुणारा माणूस. आणि यंदा मार्चात नव्यानं आणलेले, अंगावर काळे पट्टे असलेले, बोटाच्या दोन पेरांएवढे दोन टायगर बार्ब होते, ते खिडकीवाले. कारण आल्या आल्या त्यांनी खिडकीकडचा कोपरा धरला. दोघं दिवसभर एकमेकांच्या मागं लागायचे. मग चौथ्या दिवशी त्यातला एक मेला. मास्तरांनी त्याला निंबाखाली पुरलं आणि त्या दिवशी पंच वाजवला नाही.

उरलेल्या खिडकीवाल्यानं पुढच्या आठवड्यात काम सुरू केलं. आधी नवरीच्या शेपटीचा एक तुकडा काढला. मग नवरदेवाच्या खालच्या लांब पंखाला लागला. पाटलांची एक मिशी अर्धी केली. बाजारच्या बाया तो दिसला की झाडामागं दाटीवाटीनं उभ्या राहायला लागल्या. बीपी उतरायला आणलेल्या टाकीसमोर बसून मास्तरांचं बीपी वर निघालं.

एके दिवशी ते माझ्याकडं आले. "सर, तुमी माशाचं शिकवता म्हणं."

मी शिकवतो, पण कॉलेजात माझ्याजवळ असतो तो बाटलीतला मासा, औषधात ठेवलेला. तो वीस वर्षांत कुणाला चावलेला नाही. माशाच्या हृदयाला कप्पे किती, कल्ले किती, ते मी झोपेतसुद्धा सांगेन. त्याच्या मनात काय चाललंय हे अभ्यासक्रमात नाही. एवढं मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग ऱ्हाऊ द्या. आपल्याला ठाऊक हाय काय करायचं ते."

आणि त्यांना खरंच ठाऊक होतं, म्हणजे त्यांची तशी खात्री होती. भांडणाच्या बाबतीत मास्तरांचा एक सिद्धांत आहे. "भांडण माणसाचं नसतंय सर, जागेचं असतंय. जागा बदलली की भांडण उतरून जातंय." याला त्यांच्याजवळ तेहतीस वर्षांचा पुरावा. एकदा बाजाराच्या दिवशी दोघं चुलतभाऊ एकाच बाकड्यासाठी हातघाईवर आले. दुसरा कुणी असता तर शिटी मारून दोघांनाही माळावर उतरवून मोकळा झाला असता. मास्तरांनी एकाला ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनावर बसवलं, एकाला पार मागं टायरवरच्या सीटवर, आणि पुढच्या दोन थांब्यांवर दोघांच्या जागा पुन्हा बदलल्या. सेनगाव येईस्तोवर आपण कोणत्या बाकड्यासाठी भांडत होतो तेच दोघं विसरले. "तेहतीस वर्षांत भांडणापायी एकालाबी मधी उतरून दिलं न्हाई. तिकीट काढलं ना त्यानं? मंग पोचवायचं." हे सांगताना मास्तरांचा डावा खांदासुद्धा वर जातो.

मग टाकीत जागा बदलायचं काम सुरू झालं. मास्तरांनी सगळे मासे बादलीत काढले, दगड इकडचे तिकडं केले, झाडं उपटून दुसऱ्या टोकाला लावली, खिडकीकडचा कोपरा मोठ्या खापरानं बंद केला. मग एकेक मासा आत सोडला, आणि खिडकीवाल्याला सगळ्यात शेवटी. "जो भांडतो त्याला शेवटी चढवायचं. म्हणजे सारे बसलेले आसतात आन् हा उभा राहतो." मला हसू आलं, पण घरी येऊन मोबाइलवर शोधलं, तर मासे पाळणारे जाणकार लोकही हाच उपाय सांगतात. मारक्या माशाची ठरलेली हद्द मोडायची आणि त्याला शेवटी सोडायचं. मी गुपचूप मोबाइल खिशात टाकला. कंडक्टरला जे कळतं ते कळायला मला मोबाइल लागला, हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी नवरीच्या शेपटीचा दुसरा तुकडा गेला.

मास्तरांनी खाणं दोन टोकांना टाकायला सुरुवात केली. पुढचं दार आणि मागचं दार, म्हणजे एका दारात गर्दी नको. खिडकीवाला पुढच्या दारात खाऊन मागच्या दारात चावायला जाई. मग त्याला लोणच्याच्या बरणीत घालून दोन दिवसांसाठी खिडकीत ठेवलं. "उभ्यानं प्रवास करू दे जरा." तो बरणीच्या काचेला तोंड लावून तसाच तरंगत राहिला, खाणं टाकलं तर बघेना. मास्तरांनाच राहवलं नाही. त्यांनी मुदतीआधीच त्याला परत चढवलं. तासाभरात त्यानं पाटलांची दुसरी मिशी धरली.

इथं मी एक चूक केली. पाणी थोडं थंड ठेवलं तर काही मारके मासे जरा शांत होतात, असं मी वाचलं होतं आणि ते बोलून बसलो. एप्रिल चालू. आमच्याकडं एप्रिलात पाणी थंड ठेवायची एकच रीत सगळ्यांना माहीत. संध्याकाळी जाऊन बघतो, तर मास्तरांनी टाकीला चहूबाजूंनी ओलं पोतं गुंडाळून वरून सुतळी बांधली होती, रांजणाला बांधतात तशी. आतलं काहीच दिसत नव्हतं. मास्तर पोत्यासमोर खुर्ची टाकून बसले होते आणि आतल्या आवाजाचा अंदाज घेत होते.

"दिसत तर काहीच नाही, मास्तर."

"दिसत न्हाई, पण वाटून राहिलं की शांत हाय."

पोतं सोडलं तेव्हा नवरदेवाचा खालचा पंख नव्हता.

वर्षभर मास्तरांचं आमच्याशीही वाजत होतं, त्या दिवसांत ते आणखी वाढलं. आमच्या निंबाचा पाला त्यांच्या अंगणात पडतो, यावरून एकदा. माझी स्कूटर त्यांच्या भिंतीला वीतभर चिकटून असते, यावरून एकदा. घंटागाडी आली की ते गल्लीला रांगेत उभं करायचे आणि मी मध्येच घुसतो म्हणून चारचौघांत बोलायचे. कडी म्हणजे आमचा कुकर. एका सकाळी भिंतीवरून आवाज आला, "ताई, तीन शिट्ट्यांत डाळ शिजती. तुमी पाच काहून करून राहिल्या?" माझी बायको सुनीता तशी शांत बाई, पण तिनं त्या दिवशी मुद्दाम सहावी केली. मग दोघांची भिंतीवरून अर्धा तास वरणावर चर्चा झाली. मास्तर घरात गेले ते मला चांगले तरतरीत दिसले आणि आमच्या वरणाचा पार गाळ झाला होता. म्हातारा दिवसेंदिवस खवचट होत चाललाय, असं मी तेव्हा बोललोही.

मे महिन्यात नवरी तळाला जाऊन एका कुशीवर पडायला लागली. पंखांच्या जागी नुसत्या काड्या राहिल्या होत्या. आता गल्लीनं निकाल देऊन टाकला. त्या एकाला काढा. कुणी म्हणालं सिद्धेश्वरच्या धरणात नेऊन सोडा. ते मात्र करू नका, एवढं मी शिक्षक म्हणून सांगितलं. घरातला मासा धरणात सोडायचा नसतो, तिथल्या माशांना रोग लागतात. मग ज्या दुकानातून आणला तिथंच परत द्या, असं ठरलं. पुण्याहून काकूंचाही फोन आला, तेव्हा मी तिथंच होतो. त्या हळूच म्हणाल्या, "देऊन टाका. जीव तरी वाचंल तिचा." मास्तर दोन दिवस टाकीसमोरून हलले नाहीत. इकडं नवरीचा जीव आणि तिकडं तेहतीस वर्षांचा शब्द, दोन्हीतलं एकच राहणार होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पाणी, पाण्यात खिडकीवाला. "चला सर. उतरून देऊ."

"मी कशाला?"

"साक्षीला माणूस पाह्यजे."

आम्ही हिंगोलीच्या गाडीत बसलो. मास्तर गाडीत पॅशिंजर म्हणून बसले की कंडक्टरची परीक्षा असते. मागचं दार नीट लागलं नाही, त्या म्हाताऱ्या बाईला बसायला जागा दिली नाही, बेल वेळेवर दिली नाही, हे सगळं त्यांना दिसतं आणि ते सांगतात. त्या दिवशी त्यांच्यासमोर एक पोत्यांचा ढीग वाटेतच पडला होता, दोन बाया त्याला अडखळल्या, पण मास्तर काही बोलले नाहीत. पिशवी मांडीवर धरून, खड्डा आला की ती वर उचलून धरत होते. कंडक्टर तरुण मुलगी होती, त्यांना ओळखणारी. तिकीट देताना म्हणाली, "मास्तर, आज गप गप? आन् हा कुठं चालला?"

"त्याला उतरून द्यायचंय," मास्तर म्हणाले.

ती हसली. मास्तर हसले नाहीत, तशी ती पुढच्या बाकड्याकडं वळली.

दुकान सलीमभाईंचं. पुढं पक्ष्यांचे पिंजरे, आत माशांच्या टाक्या. मास्तरांनी पिशवी काउंटरवर ठेवली आणि सगळी फिर्याद सांगितली. तारखा सोडून सगळं सांगितलं. कुणाचा कोणता पंख, किती वेळा जागा बदलली, बरणी, पोतं. सलीमभाई ऐकत होते. पोत्यापाशी त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी पिंजऱ्यातला पोपट बघायला लागलो.

"इसके साथवाले कितने हैं?" त्यांनी विचारलं.

"साथवाले न्हाईत. दोन नेले होते, एक चौथ्याच दिवशी गेला."

"याने अकेला है?"

"व्हय."

सलीमभाईंनी पिशवी उचलून उजेडात धरली. "तो मास्टर, ये काटेगा नहीं तो क्या करेगा? ये झुंड की मछली है. इसको दिनभर भांडायला अपनेवाले होना. सहा-सात जण असले, की एकमेकांच्या मागं पळतात, धक्के देतात, लड़ते-झगड़ते. वो इनका खेल है. दुसऱ्याकडं बघायला फुरसत नसते. अपनेवाले नहीं मिले, तो जो सामने आया उसका पर पकड़ता. मेरीच गलती है, तुम्हाला दोनच दिले मी."

"पण जागा बदलून पाह्यली ना तीनदा," मास्तर म्हणाले.

"जगा का सवालच नहीं. दस फुट की टाकी में डालो. अकेला है, तो काटेगा."

मास्तरांनी मागं चाचपून एक स्टूल ओढलं आणि त्यावर बसले. पिशवी पुन्हा मांडीवर घेतली. आतला तो बोटभर मासा प्लास्टिकला तोंड लावून थांबला होता.

"म्हणजे भांडण जागेचं नव्हतं," ते म्हणाले. "तेहतीस वर्षं म्या उलटंच समजून राहिलो."

मी म्हणालो, गाडीत तुमची युक्ती चालायची ना, मग झालं. त्यांनी मान हलवली, पण ती माझ्यासाठी नव्हती. मग उठले. "सलीमभाई, सहा द्या."

परतीच्या गाडीत पिशवी दोन्ही हातांत धरून ते ताठ बसले होते. सात पट्टेवाले आत गोल फिरत होते. कंडक्टर तीच मुलगी. तिला काही विचारायची संधी न देता मास्तरांनी तिला सांगितलं की मागच्या दाराचा खटका ढिला आहे, आणि आताही वाटेत ही पोती कोणाची आहेत ते विचार आधी.

सलीमभाईंचं खरं ठरलं. पहिल्या दिवसापासून सातही जण आपसात भिडले. एक कोपऱ्यात गेला की दोघं त्याच्या मागं, मग तो वळून त्यांच्या मागं. नुसता गोंधळ. पण कुणाचं काही तुटत नव्हतं. सातांतला जुना कोणता, हे चार दिवसांनी मास्तरांनाही सांगता येईना. नवरी पाचव्या दिवशी तळावरून उठली. पंधरा दिवसांत काड्यांना पातळ पडदा धरायला लागला. बाजारच्या बाया झाडामागून बाहेर आल्या. पाटलांची एक मिशी मात्र आखूडच राहिली आहे आणि ते अजून दारातच उभे असतात.

एका संध्याकाळी मास्तरांनी मला टाकी बघायला बोलावलं. चहा त्यांनी स्वतः केला होता. आम्ही टाकीसमोर बसलो. सात जणांचं चालू होतं. मास्तर त्यांच्याकडं बघत होते, आणि बघता बघता म्हणाले, "सर, संतोषची माय गेल्यापून म्या तुमच्याशी किती वेळा भांडलो असंल?"

मी म्हणालो, मोजलं नाही. खरं तर मोजलं होतं.

"तिच्याशी रोज दोनदा व्हायचं. सकाळी चहावरून, संध्याकाळी टीव्हीच्या आवाजावरून. सणाला आणखी एकदा. लय मोठ्यानं बोलायची. मंग बाहेर कुणाशी भांडायची गरजच पडली न्हाई मला. ड्युटीवर म्या एवढा शांत काहून होतो, ते आता कळून राहिलं."

मी हसलो. तेही हसले. मग म्हणाले, "पुण्याला गेलो होतो ना, तिथलं पाणी चांगलं हाय. पण पोरगं म्हणायचं, हो बाबा. सून म्हणायची, चालंल बाबा. चांगली लेकरं हायेत, बोलायला जागाच न्हाई. आन् संतोषची माय तर पार हळू बोलायला लागली. शेजाऱ्याला ऐकू जाईल, सुनेला काय वाटंल, लेकरू उठंल. एक दिवस म्या मुद्दाम म्हणलो, चहा पाणचट झाला. तर म्हणती, बरं, उद्यापून पत्ती जास्त टाकते. बरं म्हणली, सर! उभ्या जन्मात मला बरं म्हणली न्हाई ती बाई. म्या त्याच दिवशी थैली भरली."

टाकीत सातातला एक दगडामागं लपला आणि बाकीचे त्याला शोधायला लागले.

"तवा वाटलं, तकलीफ माझ्या एकट्याचीच हाय. ती नातीत रमली, बराबर हाय तिचं. आता हे पाहून राहिलो, आन् दुसरंच डोक्यात येतंय. मला इथं तुमी हायेत. तुमचा पाला हाय, ताईचा कुकर हाय." त्यांनी कप खाली ठेवला. "ती तिकडं कोणाशी भांडत असंल, सर?"

सव्वा वर्ष मी या माणसाला खवचट म्हणत होतो, आणि भिंतीपलीकडं ते इतकं शांत घर आहे, हे माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. काकू फोनवर हल्ली किती हळू बोलतात, हे मीसुद्धा ऐकलं होतं. त्यांना पुणं मानवलं असेल, असं म्हणून मी सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर पुण्याला गेले. संतोषला कळवलं नाही, काकूंनाही नाही. किल्ली माझ्याकडं देताना माशांच्या खाण्याच्या एवढ्या सूचना दिल्या, की त्या लिहून घ्यायला सुनीतानं वही आणली. परत कधी येणार, असं मी विचारलं. "पाहू," म्हणाले. एवढं मोघम उत्तर मास्तरांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

चौथ्या दिवशी संतोषचा फोन आला. आवाज घाबराघुबरा.

"सर, बाबा तिकडं बरे होते ना?"

"बरे होते की. का रे?"

"अहो, इथं आल्यापासून त्यांचं आणि आईचं सारखं वाजतंय. काल बाळाच्या टोपीवरून झालं. आज सकाळपासून शेंगदाण्याच्या कुटावरून चाललंय, कूट जाड हवा की बारीक. आई एवढ्या मोठ्यानं बोलते, हे मी विसरूनच गेलो होतो. बाबा म्हणतात, दार उघडं राहू दे. मी मध्ये पडू का?"

त्याच्या मागून काकूंचा आवाज ऐकू येत होता. स्वच्छ, खणखणीत, आमच्या गल्लीत पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत पोचायचा तसा. मध्येच मास्तर काहीतरी म्हणाले आणि तो आणखी वर चढला.

"पडू नकोस," मी म्हणालो. "चालू दे त्यांचं."

संतोषही बहुधा ऐकत असावा.

"सर," मग तो म्हणाला, "आईनं आज दुपारी आणखी एक भाकरी मागून घेतली. किती तरी महिन्यांनी."